उजवा डोळा की डावा?

आमच्या घरात कागद वाचायचे काम आमच्याकडे आहे. शिक्षिका म्हटले की रेशनकार्डापासून लाइटबिलापर्यंत सगळे कागद आपोआप आपल्या पुढ्यात येतात. शेजारच्या खालाजानसुद्धा बँकेचे पत्र आले की पोस्टमनला सरळ आमच्या दारात पाठवतात. त्यामुळे कागद वाचण्यात आपण हुशार आहोत, असा आमचा समज होता. गेल्या वर्षी आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मींच्या डोळ्याच्या ऑपरेशनने तो समज मोडला.

अम्मींचे वय सहासष्ट. त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आधीच्या वर्षी काढला होता. चौदा महिन्यांनी उजव्या डोळ्याची पाळी आली. फजरच्या नमाजला वजू करताना त्यांना पायरी दिसेना, सुईत दोरा जाईना, तांदूळ निवडताना खडे राहू लागले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकला आहे, आता थांबू नका. आम्ही थांबलो नाही. मुंबईत राहणाऱ्या आमच्या दिरांनी चार वर्षांपूर्वी अम्मींच्या नावाने दोन लाखांची आरोग्य संजीवनी पॉलिसी घेतली होती. डाव्या डोळ्याचा क्लेम सहज मिळाला होता. त्यामुळे या वेळी आम्ही निर्धास्त होतो.

रुग्णालय विमा कंपनीच्या यादीतले नव्हते, म्हणून कॅशलेस झाले नाही. पैसे आधी भरायचे आणि मग मागायचे, असे ठरले. बिल झाले ४६,८०० रुपये. त्यातले वीस हजार आमच्या भिशीचे होते. उरलेले २६,८०० मुलीच्या डी. फार्मसीच्या फीच्या दुसऱ्या हप्त्यासाठी ठेवलेले होते. हप्ता भरायला दोन महिने अवकाश होता. क्लेमचे पैसे महिन्याभरात येतील, मग हप्ता भरू, असा आमचा साधा हिशेब होता.

पाचव्या आठवड्यात पैशांऐवजी पत्र आले. क्लेम नामंजूर. कारण असे दिले होते की, डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेचा दावा यापूर्वीच अदा केलेला असून त्याच डोळ्यावरील तीच शस्त्रक्रिया पुन्हा ग्राह्य धरता येत नाही.

आम्ही पत्र तीनदा वाचले. अम्मी समोर खाटेवर बसल्या होत्या. पट्टी निघालेला, स्वच्छ, नवा डोळा उजवा होता. यात शंकेला जागा नव्हती. पण कंपनीला अम्मी दिसत नव्हत्या, कागद दिसत होता आणि कागदावर डोळा डावा होता.

त्या रात्री अम्मी हळूच म्हणाल्या, "बेटी, एक डोळा पुरे होता मला. पोरीची फी गेली माझ्यापायी." हे वाक्य आमच्या मनातून अजून गेलेले नाही. एका अक्षराच्या चुकीने पैसे अडकतात तेव्हा घरातले म्हातारे माणूस आपल्यालाच ओझे समजू लागते. म्हणून हा लेख लिहीत आहोत.

बिलात काय काय असते?

आधी बिलाकडे पाहू. आपल्यापैकी बहुतेकजण बिलाचा शेवटचा आकडा तेवढा पाहतात. आम्हीही तेच केले होते. पत्र आल्यावर पहिल्यांदा बिल ओळीओळीने वाचले. सर्जन व ऑपरेशन थिएटर २४,०००. डोळ्यात बसवलेले भिंग, म्हणजे लेन्स, १६,५००. औषधे २,८००. तपासण्या २,२००. आणि शेवटी 'आय किट, आय ड्रेप, आय शील्ड' १,३००. एकूण ४६,८००.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. ऑपरेशनमध्ये ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. असे भिंग माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा बसवले ते लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी, १९४९ साली. आज बारीक छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेण्याची 'फेको' पद्धत सर्रास वापरतात. ती अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली. छोट्या छेदाची, टाक्यांशिवायची दुसरी पद्धतही आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर होते. ती स्वस्त असते आणि चांगल्या हातांनी केलेली असेल तर दृष्टीही उत्तम देते. बिलातला मोठा फरक पडतो तो पद्धतीने आणि भिंगाने. एकाच अंतराचे स्पष्ट दाखवणारे साधे भिंग, जवळचे व लांबचे दोन्ही दाखवणारे भिंग, तिरकस नंबर सुधारणारे भिंग, अशा त्यांच्या जाती आहेत आणि किमतीही तशाच चढत जातात. ऑपरेशनच्या सकाळी, डोळ्यात थेंब घालून रुग्ण बसलेला असताना, "कोणती लेन्स घालायची?" असे विचारले की घरचे गोंधळून "चांगली घाला" म्हणतात. हा प्रश्न चार दिवस आधी, शांतपणे बसून सोडवायचा असतो.

आता पॉलिसीचे गणित. आरोग्य संजीवनी ही विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने ठरवून दिलेली एकसारखी पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२० पासून कंपन्या ती विकतात. तिच्यात मोतीबिंदूसाठी मर्यादा आहे. एका पॉलिसी वर्षात, एका डोळ्यामागे, विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. दोन लाखांचे २५ टक्के म्हणजे ५०,०००. पण मर्यादा ४०,००० ची. म्हणून ४०,०००. त्यावर ५ टक्के वाटा आपला, म्हणजे २,०००. हातात येणार ३८,०००. विमा एक लाखाचाच असता तर २५ टक्के म्हणजे २५,००० वरच गाडी थांबली असती आणि आपला वाटा वजा होऊन २३,७५० मिळाले असते. हे गणित सातवीच्या मुलालाही येते. पण आम्ही ते ऑपरेशनच्या आधी केलेच नव्हते. "विमा आहे" एवढ्यावरच आम्ही खूश होतो.

शेवटच्या ओळीतले ते १,३०० रुपये? विमा नियामकाच्या याद्यांमध्ये काही वस्तू अशा आहेत, ज्या शस्त्रक्रियेच्या शुल्कातच धरायच्या असतात. त्यांचे वेगळे पैसे विमा कंपनी देत नाही. आय पॅड, आय शील्ड, आय किट, आय ड्रेप, सूक्ष्मदर्शकाचे कव्हर, कापूस, गॉज ही नावे त्या यादीत आहेत. आम्ही नम्रपणे ही बाब रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर दाखवली. त्यांनी वाद न घालता ती रक्कम परत केली. मागितल्याशिवाय ती मिळाली नसती, हेही खरे.

एच २५.१ म्हणजे काय?

पण मूळ प्रश्न तसाच होता. उजवा डोळा कागदावर डावा कसा झाला?

क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. पहिला आपण भरतो, दुसरा रुग्णालय भरते. दुसऱ्या भागात आजाराचे नाव आणि त्याचा संकेतांक, म्हणजे कोड, लिहायचा असतो. अम्मींच्या फॉर्मवर लिहिले होते 'एच २५.१' आणि पुढे 'डावा डोळा'.

याचा अर्थ आम्हाला समजावला तो आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने. बी. एस्सी. झालेली ही मुलगी आता पुण्यात एका कंपनीत मेडिकल कोडिंगचे काम करते. ईदला गावी आली की सलाम करायला येते. या वेळी आली तेव्हा टेबलावर सगळे कागद पसरलेले होते. तिने फॉर्म उचलला आणि म्हणाली, "मॅडम, हे तर माझे रोजचे काम आहे. बसा, सांगते."

तिने सांगितले ते असे. जगभरच्या डॉक्टरांनी एकाच आजाराला एकाच नावाने ओळखावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची यादी केली आहे. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली. तिला आयसीडी-१० म्हणतात. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आहे, पण आपल्या क्लेम फॉर्मवर अजून दहावीचेच नाव आहे. या यादीत डोळ्यांच्या आजारांना 'एच' हे अक्षर मिळाले आहे, एच ०० पासून एच ५९ पर्यंत. एच २५ म्हणजे वयामुळे येणारा मोतीबिंदू. एच २५.१ म्हणजे त्यातला भिंगाच्या गाभ्यात झालेला. एच २६ मध्ये मार लागून किंवा इतर कारणांनी झालेले मोतीबिंदू येतात. एच ४० म्हणजे काचबिंदू. एच ३३ म्हणजे पडदा सरकणे. एच ५२ म्हणजे चष्म्याचा नंबर.

"आता पाहा," ती म्हणाली, "या एच २५.१ मध्ये डोळा कोणता, हे कुठेच नाही. मोतीबिंदू आहे एवढेच कळते. डावा-उजवा हे माणसाने शब्दांत लिहायचे. आणि माणूस गेल्या वर्षीची फाइल उघडून तीच मजकूर-पट्टी पुन्हा चिकटवतो. नाव तेच, वय एक वर्षाने वाढवलेले, कोड तोच, आणि डोळाही तोच राहून गेला."

आम्ही दुसऱ्या दिवशी काउंटरवर विचारले, तर नेमके तसेच घडले होते. तिथल्या मुलाने प्रामाणिकपणे कबूल केले. त्याच्यापुढे त्या दिवशी पुष्कळ फाइली होत्या. आम्हाला त्याचा राग आला नाही असे नाही. पण आम्हीही शाळेत ऑनलाइन माहिती भरतो. एकदा एका मुलाच्या आधार क्रमांकातला एक आकडा आमच्याकडून चुकला आणि त्याची शिष्यवृत्ती वर्षभर अडकली होती. चूक कुणाच्याही हातून होते. ती वेळेत सापडावी, एवढी व्यवस्था मात्र हवी.

अमेरिकेत डोळा कोडमध्येच असतो

आमची विद्यार्थिनी भारतातल्या रुग्णालयांसाठी काम करत नाही. ती अमेरिकेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यांची कागदपत्रे वाचते आणि त्यांना कोड लावते. तिकडे रुग्णाकडून रोख घेण्यापेक्षा विमा कंपनीकडे बिल पाठवण्याची पद्धत जास्त आहे. बिल शब्दांत जात नाही, आकड्यांत जाते.

तिथे दोन प्रकारचे कोड जुळावे लागतात. एक, आजार कोणता. दोन, त्यावर काय केले. आजारासाठी त्यांनी आयसीडी-१० चीच अधिक बारीक आवृत्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ती वापरायला सुरुवात केली. तिच्यात एच २५.११ म्हणजे उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू, एच २५.१२ म्हणजे डाव्याचा आणि एच २५.१३ म्हणजे दोन्ही डोळ्यांचा. शेवटचा आकडाच डोळा सांगतो.

काय केले, यासाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे पाच आकडी कोड आहेत. त्यांना सीपीटी म्हणतात आणि ते १९६६ पासून निघतात. मोतीबिंदू काढून भिंग बसवण्याच्या नेहमीच्या ऑपरेशनचा कोड ६६९८४. त्याच्या शेपटीला 'आरटी' लावले तर उजवा डोळा, 'एलटी' लावले तर डावा. पापणीचे काम असेल तर चार पापण्यांना चार वेगळ्या खुणा आहेत. आजाराचा कोड उजवा आणि ऑपरेशनची खूण डावी, अशी विसंगती असेल तर बिल अडकते आणि खुलासा मागितला जातो. म्हणजे अम्मींच्या फॉर्मवर झालेली चूक तिथेही होऊ शकते, पण एकाच कागदावर दोन ठिकाणी डोळा लिहिलेला असल्याने ती लवकर पकडली जाते.

तिने आणखी एक गंमत सांगितली. तिथे मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या पैशात पुढच्या ९० दिवसांच्या नेहमीच्या तपासण्या धरलेल्या असतात. त्यांचे वेगळे बिल लावायचे नाही. मग त्या ९० दिवसांतच दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तर? तेव्हा '७९' ही खूण जोडून सांगावे लागते की, हे आधीच्या ऑपरेशनचा भाग नाही, वेगळे काम आहे. ती खूण विसरली तर दुसऱ्या डोळ्याचे पैसे पहिल्यात बुडतात.

आणि या कामात नीतीचा प्रश्नही येतो. ६६९८२ हा अवघड मोतीबिंदूचा कोड आहे. बाहुली नीट उघडत नसेल, ती धरून ठेवायला खास साधने वापरावी लागली असतील, तर तो लावतात. त्याचे पैसे जास्त मिळतात. साधे ऑपरेशन अवघड म्हणून दाखवण्याचा मोह होऊ शकतो. "आम्ही डॉक्टरांच्या ऑपरेशन नोंदी वाचतो," ती म्हणाली. "नोंदीत कारण नसेल तर तो कोड लावायचा नाही. लिहिलेले नाही ते झालेले नाही, असे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात."

हे वाक्य ऐकून बाजूला बसलेल्या अम्मी म्हणाल्या, "हेच तर आम्हाला लहानपणापासून सांगितलंय. देणं-घेणं लिहून ठेवा. साक्षीदार ठेवा." शाळेत न गेलेल्या बाईला जे ठाऊक होते ते आम्ही, बी. एड. झालेले लोक, बिल हातात घेताना विसरलो होतो.

चूक दुरुस्त कशी झाली?

सुदैवाने बाकीचे सगळे कागद बरोबर होते. ऑपरेशनच्या आधी डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर काढतात, त्या ए-स्कॅनच्या अहवालावर उजवा डोळा होता. ऑपरेशन नोंदीत उजवा होता. भिंगाच्या डबीवरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेला होता. त्यावर भिंगाचा नंबर आणि अनुक्रमांक होता आणि तो गेल्या वर्षीच्या स्टिकरपेक्षा वेगळा होता. म्हणजे एकाच डोळ्यासाठी दोनदा पैसे मागितलेले नाहीत, हे सिद्ध करायला पुरावा हातातच होता.

आम्ही तीन गोष्टी केल्या. रुग्णालयाकडून लेटरहेडवर दुरुस्तीपत्र घेतले. त्यावर डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्का घेतला. फॉर्मचा दुसरा भाग नव्याने भरून घेतला. आणि एका पानाचे साधे पत्र लिहिले. पहिल्या ऑपरेशनची तारीख व डोळा, दुसऱ्याची तारीख व डोळा, दोन्ही भिंगांचे अनुक्रमांक, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. रागाचे एकही वाक्य लिहिले नाही. पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठवले, पोच जपून ठेवली आणि तेच कागद ई-मेलनेही पाठवले.

मधल्या काळात फीचा हप्ता आला. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी, न मागता, पंचवीस हजार दिले. "पैसे आले की द्या," एवढेच म्हणाल्या. मुलीला हे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. संध्याकाळी दादीच्या डोळ्यात थेंब घालायचे काम मात्र तिने स्वतःकडे घेतले आणि शेवटपर्यंत एकही वेळ चुकवली नाही.

दुरुस्तीपत्र पाठवल्यानंतर एकेचाळिसाव्या दिवशी खात्यात ३८,००० रुपये जमा झाले. अल्हमदुलिल्लाह. सहकारी बाईंचे पैसे त्याच दिवशी परत केले.

पैसे आले नसते तर? तेव्हाही वाटा बंद नव्हत्या. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करायची. नियामकाचे 'बिमा भरोसा' नावाचे पोर्टल आहे, त्यावर तक्रार नोंदवता येते. त्यांचा मोफत क्रमांक १५५२५५. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाकडे फी नाही आणि वकील लागत नाही. मात्र वर्षाच्या आत जावे लागते. आपल्या राज्यात मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहेच.

घरोघरी लक्षात ठेवायच्या गोष्टी

या साऱ्या फेऱ्यांतून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. कुणाच्या तरी घरात लवकरच उपयोगी पडेल.

ऑपरेशन ठरण्याआधी पॉलिसीत मोतीबिंदूची मर्यादा किती, हे पाहा. अनेक पॉलिसींत मोतीबिंदूसाठी पहिली दोन वर्षे थांबावे लागते. आज पॉलिसी घेऊन पुढच्या महिन्यात ऑपरेशन, असे होत नाही. मधुमेह असेल तर पॉलिसी घेताना तो लपवू नका. लपवलेला आजार पुढे क्लेमच्या वेळी समोर येतो.

रुग्णालयाकडून आधी लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात पद्धत कोणती, भिंग कोणते, त्याची छापील किंमत किती, पुढच्या किती तपासण्या धरलेल्या आहेत, हे विचारा. पॅकेज म्हणत असतील तर पॅकेजच्या बाहेर काय आहे, हे जरूर विचारा.

रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत असेल तर कॅशलेस घ्या. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. हे काउंटरवर शांतपणे सांगता येते.

मोतीबिंदूच्या रुग्णाला रात्रभर राहावे लागत नाही. काही लोकांना वाटते की चोवीस तास भरती नसेल तर विमा मिळत नाही. तसे नाही. मोतीबिंदू 'डे केअर' उपचारांत येतो. पैसे मिळावेत म्हणून विनाकारण एक रात्र काढायची गरज नाही.

चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लेसर ऑपरेशनचे मात्र वेगळे आहे. नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर विमा ते पैसे देत नाही. घरातल्या मुली लग्नाआधी चष्मा घालवायचा म्हणतात, तेव्हा हा खर्च आपल्याच खिशातून होणार, हे धरून चाला. मधुमेहामुळे पडद्याला सूज येते तेव्हा डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतात. ती आता विम्यात येतात, पण त्यांनाही मर्यादा असते. आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या निम्म्यापर्यंत आहे.

डिस्चार्ज घेताना घाई करू नका. खुर्चीत बसून सगळे कागद समोर ठेवा आणि चार गोष्टी ताडून पाहा. नाव आधार कार्डाप्रमाणे आहे का, तारीख बरोबर आहे का, डोळा कोणता लिहिला आहे, आणि भिंगाचा स्टिकर लावला आहे का. आपल्याकडे नावांचा घोळ फार होतो. एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शैख'. एकीकडे 'बी' आहे, दुसरीकडे नाही. कुठे पतीचे नाव मधे, कुठे वडिलांचे. विमा कंपनीच्या संगणकाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. इंग्रजी कागदावर 'आरई' म्हणजे उजवा डोळा, 'एलई' म्हणजे डावा. काही डॉक्टर जुन्या लॅटिन पद्धतीने 'ओडी' म्हणजे उजवा आणि 'ओएस' म्हणजे डावा असे लिहितात. एवढी चार अक्षरे पाठ केली तरी पुरे. आणि घरी येण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा.

ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी कर्ज काढायला धावू नये. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि जिल्हा रुग्णालयांत मोतीबिंदूचे ऑपरेशन भिंगासह मोफत होते. २०१८ ची आयुष्मान भारत योजना आणि आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांत ठरवून दिलेल्या उपचारांना कोड आणि ठरलेली रक्कम असते. डोळ्यांच्या उपचारांचे कोड 'एसई' या अक्षरांनी सुरू होतात. योजनेतल्या रुग्णाकडून त्या उपचाराचे वेगळे पैसे घ्यायचे नसतात. आपला उपचार यादीत आहे का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. १४५५५ या क्रमांकावरही चौकशी करता येते.

मुलामुलींसाठी एक गोष्ट

आमच्या विद्यार्थिनीचे काम पाहून आम्हाला आणखी एक विचार आला. आपल्या घरांतली पुष्कळ मुले-मुली बी. एस्सी., बी. फार्म., नर्सिंग, बीएचएमएस, बीयूएमएस करतात आणि पुढे काय, म्हणून अडून बसतात. शरीररचनेची माहिती, इंग्रजी वाचण्याची सवय आणि बारीक नजर, एवढे भांडवल या कामाला लागते. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथे अशा कंपन्या आहेत. काही ठिकाणी घरून काम करता येते. 'सीपीसी' ही त्यातली मान्य परीक्षा आहे. चार तासांत शंभर प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. ती घेणारी एएपीसी ही अमेरिकेतली संस्था १९८८ पासून आहे.

पण एक सावधगिरी. "शंभर टक्के नोकरी" सांगून मोठी फी घेणाऱ्या क्लासपासून लांब राहा. फी भरण्याआधी तिथून शिकून नोकरीला लागलेल्या दोघा-तिघांशी स्वतः बोला. काही कंपन्या नव्या मुलांना निवडून स्वतःच शिकवतात. तिथे आधी अर्ज करा. आणि मुलांना हेही सांगा की, पडद्यावर दिसतो तो नुसता आकडा नसतो. त्या आकड्यामागे कुणाची तरी अम्मी, कुणाच्या तरी मुलीची फी असते. ते काम अमानत समजून करायचे.

परवा औषधाच्या दुकानात अम्मी आमच्याबरोबर होत्या. दुकानदाराने बिल पुढे केले, तसे आम्ही ते पर्समध्ये टाकायला निघालो. अम्मींनी ते हातातून काढून घेतले, उजेडात धरले आणि बोट ठेवून एकेक ओळ पाहिली. मराठी अक्षरे त्यांना येत नाहीत, पण आकडे येतात. थेंबाच्या दोन बाटल्या लागल्या होत्या, घेतली होती एकच.

"एक कमी करा," अम्मी दुकानदाराला म्हणाल्या. त्याने सॉरी म्हणत बिल बदलून दिले.